कयाकला धरले तर चालते

(जागेअभावी पत्र संक्षिप्त केले आहे.)

"मी त्रेचाळीस वर्षांची असून कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेली तीन वर्षे मी अर्ध-आयर्नमॅन अंतराच्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेची तयारी करते आहे. पहिल्या वर्षी स्पर्धा पाच आठवड्यांवर आली असताना नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर डेंग्यूने गाठले. मागच्या वर्षी अखेर स्टार्ट लाइनवर उभी राहिले, पण समुद्रात सहा-सातशे मीटर गेल्यावर श्वास पुरेना, लाटांत वाट दाखवणारा पुढचा तरंगता बोया दिसेना, छाती धडधडू लागली. छोट्या होडीतून लक्ष ठेवणारा कयाकवाला जवळ आला, त्याने शिट्टी वाजवली आणि मी बोटीत चढले. शाळेत अजूनही 'मॅडम, मेडल आणणार होता ना?' असे विचारतात. यंदाची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे, तारीख मात्र नक्की नाही. नाव नोंदवू की नको? प्रत्येक वेळी तेच होते. हे माझ्या नशिबातच नसेल. जिथे पोहोचण्याची खात्री नाही, त्या स्पर्धेसाठी पहाटे साडेचारला उठायचे तरी कशासाठी?"
— एक वाचक, राजारामपुरी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले 'प्रत्येक वेळी तेच होते' हे वाक्य मला मान्य नाही. तुम्ही गणित शिकवता. एखाद्या मुलाची तीन उदाहरणे चुकली, तर 'तुझ्या नशिबात गणित नाही' असे तुम्ही त्याला सांगत नसाल; वही पुढ्यात ओढून प्रत्येक उदाहरणात पायरी कुठे सुटली ते पाहत असाल. तुमच्या तीन वर्षांची वही मला तशीच पाहावीशी वाटली, आणि त्या तिन्ही पानांवर मला एकच चूक सापडली नाही. पहिल्या वर्षी जे घडले ते बरेचसे टाळता येण्यासारखे होते, दुसऱ्या वर्षीच्या घटनेत तुमचा काहीही दोष नव्हता, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही जिथे अडलात ती गोष्ट तुम्हाला कोणी शिकवलीच नव्हती. या तिघांना 'नशीब' या एका नावाखाली गोळा केले, तर यंदा नेमके काय करायचे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

पहिल्या वर्षाबद्दल. पत्राच्या न छापलेल्या भागात तुम्ही लिहिले आहे, की महिन्याभरात तुम्ही आठवड्याचे धावणे पंचवीस किलोमीटरवरून पंचेचाळीसवर नेले, आणि त्यातच नवरात्र आले, तेव्हा नऊ दिवसांच्या उपवासातही लांब पल्ल्याचे धावणे सोडले नाही. भार वाढला की हाड आधी थोडे झिजते आणि मग अधिक बळकट होऊन भरते, पण झीज लवकर होते आणि भरण्याला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. या मधल्या काळात पोटात पुरेसे अन्न नसेल आणि अंतर वाढतच असेल, तर हाड तडकते. अंबाबाईच्या गावात राहणाऱ्या बाईला मी नवरात्राचा उपवास सोडा असे सांगणार नाही, सांगण्याची गरजही नाही. घट बसतात तो आठवडा सरावाच्या तक्त्यात आधीच हलका म्हणून लिहून ठेवा, साबुदाण्यावर न भागवता दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा पोटात जाऊ द्या, आणि लांबचे धावणे दसऱ्यानंतर घ्या. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मासिक पाळीतील बदल यांविषयी डॉक्टरांशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. चाळिशीनंतर स्त्रियांच्या हाडांचा प्रश्न सरावाइतकाच आहाराचा आणि संप्रेरकांचाही असतो.

दुखणे अंगावर किती काढावे, हेही तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे असते. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आधीच ठरलेले असल्यामुळे ऐन वेळी कोणाला वाद घालावा लागत नाही. शरीरासाठीही तशा दोन पातळ्या आजच लिहून ठेवा. नडगीच्या आतल्या कडेने पसरलेली, धावायला लागल्यावर कमी होणारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नसणारी दुखरी कळ ही इशारा पातळी. त्या आठवड्याचे धावणे निम्मे करायचे. हाडावर बोटाच्या पेऱ्याएवढ्या एकाच जागी दाबले की दुखणे, एका पायावर उडी मारली की कळ येणे, रात्री झोपेत ठणकणे ही धोक्याची पातळी. त्या दिवशीच धावणे बंद आणि डॉक्टरांची भेट. सुरुवातीच्या दिवसांत असे फ्रॅक्चर साध्या एक्स-रेवर दिसतेच असे नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पुन्हा धावायला निघू नका.

डेंग्यूबद्दल फार लिहीत नाही. डास चावला, ताप आला, सहा आठवडे गेले; त्यात शिकण्यासारखे एवढेच, की ताप उतरला म्हणजे शरीर भरून आले असे नसते. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत आणि भूक व झोप पूर्ववत होईपर्यंत चालण्यापलीकडे जायचे नसते. तुम्ही त्या वर्षी स्पर्धा सोडलीत हा योग्य निर्णय होता, आणि तो अपयशाच्या यादीत लिहिलेला पाहून मला वाईट वाटले.

आता समुद्र. तुमचे यंदाचे खरे काम इथे आहे.

तुमच्या स्पर्धेतले पोहण्याचे अंतर १.९ किलोमीटर, म्हणजे पंचवीस मीटरच्या जलतरण तलावात ७६ फेऱ्या होतात. या ७६ फेऱ्यांत ७५ वेळा तुमचा भिंतीशी संबंध येतो, पायाने रेटा मिळतो, क्षणभर श्वास सावरतो, आणि तळाशी आखलेली काळी रेघ तुम्हाला सरळ नेत असते. समुद्रात भिंत नाही, रेघ नाही, तळ दिसत नाही, शेजारच्याचा पाय तोंडावर येतो, आणि लाट नेमकी श्वास घ्यायच्या बाजूने येते. तलावात तुम्ही हे अंतर कितीही वेळा पोहला असलात, तरी हे दुसरेच काम आहे. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या आणि इथल्याच मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण यासाठीच आठवते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, कारण मातीत खेळलेल्या या मल्लाला मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवखे होते. त्यांनी ते नवखेपण घालवले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनमध्ये त्यांच्या ताकदीत किंवा जिद्दीत काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. तुमच्याही दमात मला उणे दिसत नाही. तुमचा मॅट तुम्ही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, एवढेच.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीने मी सर्वांत जास्त हळहळले, ती कयाकवाल्याची. तो जवळ आला म्हणजे स्पर्धा संपली असे तुम्हाला वाटले. बहुतेक सर्व ट्रायथलॉनच्या नियमांत दमलेल्या स्पर्धकाला कयाक, बोट किंवा बोया धरून थांबण्याची मुभा असते. त्याच्या आधाराने पुढे सरकता येत नाही, इतकेच. हात वर करावा, कयाकची कड धरावी, दोन मिनिटे श्वास घ्यावा आणि पुन्हा पोहू लागावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात हे सांगतात, पण ज्याला तोपर्यंत गरज पडलेली नसते त्याच्या कानावरून ते निघून जाते.

वेळेची भीतीही मोजून पाहा. या अंतराच्या स्पर्धेत पोहण्यासाठी सामान्यतः ७० मिनिटे देतात. तुमच्या स्पर्धेच्या पुस्तिकेत आकडा ताडून घ्या. ७० मिनिटांत १.९ किलोमीटर म्हणजे दर शंभर मीटरला सुमारे ३ मिनिटे ४१ सेकंद. तलावात तुम्हाला शंभर मीटरला २ मिनिटे ४० सेकंद लागतात, म्हणजे सगळे अंतर ५१ मिनिटांच्या आत होते. समुद्रात वाट चुकून आणि लाटांमुळे त्यात सात-आठ मिनिटे वाढली, तरी दहा-बारा मिनिटे हातात उरतात. दोन वेळा कयाक धरून थांबलात, उताणे होऊन आकाशाकडे पाहिलेत, वीस हात ब्रेस्टस्ट्रोकने काढलेत, तरी तुम्ही वेळेत किनाऱ्याला लागता.

एक गोष्ट मात्र मी इथून सांगू शकत नाही: ती धडधड फक्त घाबरल्याची होती का. चाळिशी ओलांडलेल्या कोणीही असा अनुभव आल्यावर हृदयाची तपासणी करून घ्यावी. पाण्यात छातीत दुखले असेल, किंवा बाहेर आल्यावर खोकला येऊन फेस पडला असेल, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगावे. हा अहवाल हातात आल्याशिवाय पुढचे काहीही करू नका.

तो चांगला आला, तर पावसाळ्यातच सुरुवात करा, कारण जून ते सप्टेंबर आपला समुद्र पोहण्याजोगा नसतो. तलावात चेहरा पाण्याखाली असताना सगळी हवा नाकातोंडाने सावकाश सोडून देण्याचा सराव करा. घाबरलेला माणूस पाण्याखाली श्वास कोंडून धरतो आणि वर आल्यावर त्याला आत घ्यायला जागाच उरत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी भिंतीला न शिवता एक मीटर अलीकडेच वळा. सहाव्या-सातव्या फेरीला छातीत जी किंचित घाई सुरू होते, ती ओळखीची होऊ द्या. पाऊस ओसरून पाणी निवळले की पहाटे राजाराम तलावावर जा, मात्र एकटीने कधीही नाही. तिथे नेमाने पोहणाऱ्यांना विचारूनच उतरा आणि पोहताना मागे तरंगणारा, लांबून दिसणारा केशरी फुगा कमरेला बांधा. पहिल्या दिवशी शंभर मीटर जाऊन परत आलात तरी पुरे. तिथे गढूळ हिरव्या पाण्यात स्वतःचा हात कोपरापलीकडे दिसत नाही, आणि डोके वर काढून काठावरच्या एखाद्या झाडाची खूण धरूनच सरळ जाता येते. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या बरोबरीला आणून ती खूण पाहायची सवय इथेच लागते. मग ऑक्टोबरात दोन शनिवार-रविवार रत्नागिरीला किंवा मालवणला, तिथे समुद्रात नेहमी पोहणाऱ्यांच्या सोबतीने.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर यातूनच येते. आज नाव नोंदवू नका. समुद्रात निदान तीन वेळा, त्यांतले एकदा तरी सलग दीड किलोमीटर पोहून झाल्यावर त्याच संध्याकाळी घरी बसून निर्णय घ्या. तोपर्यंत शुल्क वाढले तर थोडे जास्त भरा, आणि जागा संपल्या तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरा आणि मोठ्या अंतराचा विचार पुढच्या वर्षावर ठेवा. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या पर्यायाकडे आहे, हे लपवत नाही. पाण्याची भीती गेलेली असताना सायकल आणि धावणे तुम्हाला जड नाही. ती गेलेली नसताना आणखी एक नोंदणी म्हणजे आणखी एक टांगती तलवार होईल.

सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात नाही, आणि ती नेमकी ऑक्टोबरात आली तर सराव मागे पडेल, हे आजच धरून चाला. गुडघा बदलल्यावर पहिले पाच-सहा आठवडे घरात एक माणूस सतत लागते. घरी आत्ताच बसून कोणत्या सकाळी कोण त्यांच्याजवळ थांबणार हे ठरवा. पहाटे कोणाला न सांगता निघून जायचे आणि दिवसभर अपराधी वाटून घ्यायचे, असा सराव फार दिवस टिकत नाही. त्या काळासाठी तुमचा किमान आठवडा ठरवा: एकदा पोहणे, एकदा घरातल्या घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर सायकल, एकदा अर्धा-पाऊण तास धावणे. एवढे झाले की तो आठवडा पूर्ण झाला असे समजून वहीत बरोबरची खूण करा. आणि जे बुडाले ते भरून काढायला जाऊ नका. हे मी अनुभवाने लिहिते आहे. ऊसतोडीच्या दिवसांत पन्हाळ्याहून उतरताना वाघबिळाच्या वळणावर ट्रॉलीतून सांडलेल्या उसाच्या कांड्यांवर माझी सायकल घसरली आणि गळपट्टीचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. ते सहा आठवडे दोन आठवड्यांत भरून काढण्याच्या नादात मी टाचेची शीर दुखावून घेतली आणि तिने पुढचे चार महिने नेले. (गळीत हंगाम सुरू झाला की तुम्हीही अंधारात रस्त्यावर उतरू नका, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.)

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, कशासाठी उठायचे हा. पोहोचण्याची खात्री कोणालाच नसते. गोव्यात मिरामारला २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ची, म्हणजे तुमच्याच अर्ध-आयर्नमॅन अंतराची, पहिली स्पर्धा झाली. पुढची दोन वर्षे करोनामुळे ती झालीच नाही, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षभर सराव केला होता त्यांच्यापैकी कोणाचे पाऊलही चुकले नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती. सेन नदीचे पाणी दूषित असल्यामुळे ती त्याच पहाटे पुढे ढकलली गेली आणि दुसऱ्या दिवशी झाली. आयुष्याची तयारी घेऊन आलेली माणसे त्या सकाळी खोलीत परत गेली. म्हणून खात्री हवी असेल तर हा खेळ ती देऊ शकणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

पण तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात, की रविवारी जोतिबाचा डोंगर सायकलने चढून गेल्यावर वरच्या वाऱ्यात घाम वाळेपर्यंत तुम्ही कठड्याशी उभ्या राहता, आणि तेवढा वेळ न तपासलेले पेपर, औषधांच्या वेळा, गॅसचा नंबर यांपैकी काहीही डोक्यात नसते. ते उभे राहणे तुम्हाला तीन वर्षे मिळत आले आहे; फ्रॅक्चर झाले त्या वर्षीही आणि बोटीत चढलात त्या वर्षीही. साडेचारला उठण्यासाठी मला स्वतःला तेवढे कारण पुरते. तुम्हाला ते पुरत नसेल, तर या वर्षी स्पर्धा सोडून नुसती सायकल चालवा, त्यात कमीपणा नाही. शिक्षक-खोलीत कोणी मेडलचे विचारले, तर 'समुद्रात सातशे मीटर गेले होते, यंदा पुढचे शिकते आहे' असे सरळ सांगा. ते खरे आहे, आणि त्यावर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यालाच शोधावा लागतो.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, आणि मला ती सर्वांत आधी विचारायला हवी होती. तुम्हाला उणे चारचा चष्मा आहे, आणि त्या दिवशी तुम्ही साधा पोहण्याचा गॉगल घातला होता. उणे चारच्या डोळ्यांना विनाचष्मा लाटेपलीकडचा बोया दिसणारच नाही. तुम्ही घाबरून दिशा हरवली नाहीत. दिशा दिसेनाशी झाली म्हणून घाबरलात. नंबरचे गॉगल तयार मिळतात, फार महागही नसतात. या रविवारच्या आधी ते मागवा, आणि पहिल्यांदा घालून तलावाच्या एका टोकाला उभ्या राहिलात की समोरच्या भिंतीवरचे खोलीचे आकडे वाचता येतात का, ते मला कळवा.